बावीस खडे

१

कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या सडकेतला एक मैल विश्रामचा होता. कागदावर तो सरकारचा असेल, पण राबणूक विश्रामची. दहाव्या दगडाशी त्याची झोपडी, नवव्या दगडाशी गोवेलीचा बाजार, आणि मधल्या मैलात पडेल तो खड्डा त्याचा, उखडेल ती खडी त्याची, सडकेखालच्या मोरीत अडकेल तो पालापाचोळासुद्धा त्याचाच. सडकेच्या खात्यानं दर मैलाला असा एकेक माणूस नेमला होता. लोक त्यांना मैलकुली म्हणत. साल अठराशे चौऱ्याऐंशी. मुंबईहून कल्याणपर्यंत आगगाडी येऊन तीस वर्षं झाली होती, पण कल्याणच्या पुढं आत, मुरबाड-माळशेजाकडं, माणूस अजून बैलाच्या नाहीतर स्वतःच्याच पायांनी जात होता.

विश्रामला गर्व करावा असं देवानं फारसं काही दिलं नव्हतं, म्हणून तो आपल्या मोजणीचा गर्व करायचा. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण दहापर्यंतचे आकडे त्याला काढता येत, कारण मैलाचे दगड रंगवायचं काम त्याचंच होतं. आणि आपला मैल किती पावलांचा हे विचाराल, तर झोपेतून उठवलं तरी सांगेल: बावीसशे. सकाळी फेरीला निघताना तो बावीस खडे कनवटीला खोचायचा. शंभर पावलं झाली की एक खडा टाकायचा. नवव्या दगडाला हात लावायचा तेव्हा कनवट रिकामी असायची. आठ वर्षांत यात एका खड्याचा फरक पडला नव्हता.

"सडक काय पलून जातेय, रोज मोजता ती?" असं त्याची बायको शेवंती म्हणायची. तिला आठवा महिना होता आणि कशाचंही हसू यायचं. पाच वर्षांची शालू आईचं पाहून हसायची. विश्राम दोघींकडं दुर्लक्ष करून खडे निवडत बसायचा.

शिमगा झाला. मुकादम चुन्याची गोण आणि काजळी टाकून गेला. विश्रामनं दोन्ही दगड पांढरेफेक केले आणि वर काळे आकडे काढले, इतके ठळक की बैलालाही वाचता यावेत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कनवटीतला शेवटचा खडा पडला, आणि हात लावायला दगड नव्हता. दगड समोर दिसत होता, पण अजून शंभरेक पावलं पुढं होता.

२

शहाण्या माणसासारखं त्यानं आधी स्वतःलाच दोष दिला. कुठंतरी शंभराऐवजी नव्वदाला खडा टाकला असेल. परतताना पुन्हा मोजलं तर तेवीस. दुसऱ्या दिवशी चोवीस. मग त्यानं तळपाय तपासले. काटा नव्हता. पावलं आखूड पडत असतील म्हणावं, तर वय अजून पस्तिशीतलं. कनवटीला भोक आहे का, तेही पाहून झालं.

त्या आठवड्यात मुकादम साखळी घेऊन आला. मोजणीची लोखंडी साखळी, ऐंशी वेळा टाकली की एक मैल. विश्रामनं तिचं एक टोक धरलं आणि तो श्वास रोखून चालला. ऐंशीवी साखळी बरोबर नवव्या दगडाला येऊन टेकली. मुकादम म्हणाला, "काय रे, घाम कसला पुसतोस? मैल काय वितळतो का उन्हानं?"

बाजाराच्या दिवशी शेवंती बरोबर आली. तिच्याशी बोलत बोलत, पण मनात आकडा धरून, विश्राम चालला. बावीस. येताना बावीस. त्याच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी तो एकटा गेला आणि पंचवीस खडे पडले.

म्हणजे कुणी सोबत असलं की मैल मैलासारखा वागत होता. एकटा विश्राम दिसला की लांबत होता. आता ही गोष्ट कुणाला सांगायची? सांगितलं तर लोक अंगारा आणून देणार, आणि मुकादमाच्या कानावर गेलं तर दुसरा मैलकुली आणणार. तरीपण अकराव्या मैलाच्या दगडूला त्यानं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. दगडू म्हाताऱ्यातला होता, आणि तोंडाचा फटकळ. त्यानं तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"तुजा मैल गाभना हाय, इश्राम," तो म्हणाला. "पावसाल्याच्या आदी एक फर्लांग जनेल बघ."

विश्रामही हसला. पण त्या दिवशी फेरीला निघताना तो दगडूला म्हणाला, "काका, जरा नवव्या दगडापरत चल ना माज्यासंगं." आणि दगडूनं हसायचं थांबवून त्याच्याकडं नीट पाहिलं.

३

मोजणाऱ्या माणसाला भीती वाटली तरी तो मोजतोच. विश्रामनं मैलाचे तीन तुकडे केले. झोपडीपासून मोठ्या करंजाच्या झाडापर्यंत नऊ खडे. करंजापासून मोरीपर्यंत चार. मोरीपासून नवव्या दगडापर्यंत पुन्हा नऊ. पहिला तुकडा रोज नऊच भरला. शेवटचाही नऊच. जे काही वाढत होतं ते करंज आणि मोरी यांच्या मधे. तिथं चारांचे सात झाले होते, मग आठ झाले.

करंज मागं पडला की आधी झाडांवरचे होले घुमायचे थांबत. मग पायाखालचा आवाज बदलायचा. आपल्या सडकेचा आवाज मैलकुलीला ओळखू येतो, कारण तो त्यानं स्वतः धुम्मस मारून मारून बसवलेला असतो. इथला आवाज पोकळ होता, भुसभुशीत मुरूम नुकताच पसरल्यासारखा. कडेला खडीचे ढीग दिसत, एकसारखे, एकापुढं एक. विश्रामनं तिथं खडी टाकलीच नव्हती. आणि तोंड सुकायचं. घरून पाणी पिऊन निघालं तरी त्या तुकड्यात जीभ टाळूला चिकटायची, घोट गिळता यायचा नाही.

भीती अंधारात वाटते असं म्हणतात, त्यांनी चैत्रातल्या लख्ख सकाळी रिकाम्या सडकेवरून चालून पाहावं. लपायला कुठं सावली नसते. त्यामुळं जे नाही ते कुठं आहे, हेच कळत नाही.

पाडव्यानंतर चारपाच दिवसांनी त्याला मागं पाऊल ऐकू आलं. अनवाणी नव्हतं, वहाणेचंही नव्हतं. पायांना चिंध्या गुंडाळून कुणी पाय ओढत चालावं, तसं काहीतरी. फसक, फसक. विश्राम थांबला की थांबायचं. चालला की चालायचं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. तो स्वतःला समजावत राहिला की आपल्याच धोतराचा सोगा खडीवर घासतोय. मोरी आली, होले घुमायला लागले, आणि तो कठड्यावर बसून किती वेळ नुसता थुंकी गिळत राहिला.

धोतर त्यानं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं होतं. ते त्याला तिथं बसल्यावर दिसलं.

४

चिंध्यांचे पाय त्यानं यापूर्वी एकदाच पाहिले होते. ते कुठं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त स्वतःशी कबूल करायचं नव्हतं. शेवटी एका दुपारी दगडूच्या अंगणात बसून त्यानं ते कबूल केलं.

आठ वर्षांपूर्वी वर देशावर मोठा दुष्काळ पडला होता. जुन्नर, नगर, कुठून कुठून माणसं माळशेज उतरून या सडकेनं कल्याणकडं येत. कल्याणला आगगाडी आहे, तिथं पोटाला मिळतं, एवढंच त्यांना ठाऊक. विश्रामच्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष. दगडांवर आकडे नव्यानं काढलेले, आणि आपल्याला ते वाचता येतात याचं कौतुक अजून शिळं झालेलं नव्हतं.

"एक बाई आली," विश्राम म्हणाला. "एकटीच. पायांना चिंध्या बांदलेल्या. दहाव्या दगडाशी उबी ऱ्हायली आन म्हनाली, दादा, कल्याण किती ऱ्हायलं?"

"मंग?"

"मी दगडावरचा आकडा दाखवला. धा मैल."

दगडूनं तंबाखू मळायला घेतली.

"ती म्हनाली, धा म्हंजी किती? मी सांगला, एका मैलाला बावीसशे पावला. अशे धा." विश्रामनं मान खाली घातली. "तिनं मान हलवली. मोठ्या मानसानं काय सांगला का आपन हलवतो ना, तशी. आन चालली. दुसऱ्या दिशी सकाली फेरीला गेलो तं करंजाच्या बुंद्याला टेकून बसलेली. मी हाक मारली. मंग जवल गेलो."

दगडूच्या हातातली तंबाखू तशीच राहिली होती. वाटसरूंच्या बाबतीत दगडू म्हणजे पक्का खोटारडा होता. कुणीही विचारो, कितीही लांब असो, त्याचं एकच उत्तर: ही काय, त्या आंब्याच्या मागं. विश्राम त्याची टर उडवायचा, की काका, तुमच्या आंब्यामागं अख्खं कल्याण बसवलंय.

"माज्या बापानं मला सांगलेला," दगडू हळू म्हणाला. "दमलेल्याला खरा कवा सांगायचा नाय. एक आंबा दाखवायचा. त्या आंब्याशी पोचला का म्होरं कोनतरी दुसरा आंबा दाखवतो. तसाच मानूस पोचतो, बाबा. दुसऱ्या कशानं पोचतो?"

"मी खोटा नाय बोललो, काका."

"नाय बोललास. पन त्या साली गोवेलीत पेजंची चूल लागलेली, ठावं होता ना तुला?"

विश्रामला ठाऊक होतं. एका व्यापाऱ्यानं बाजारात मोठी चूल मांडली होती, येईल त्याला वाटीभर पेज मिळे. एका मैलावर. बाईनं कल्याण विचारलं म्हणून त्यानं कल्याण सांगितलं. गोवेली तिनं विचारली नव्हती. हे आठ वर्षांत त्याच्या मनात कधी आलं नव्हतं असं नाही, पण आलं की तो उठून कामाला लागायचा. आज उठायला जागा नव्हती, आणि तो आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसासमोर ढसाढसा रडला.

दगडूनं त्याला रडू दिलं. मग तंबाखू पुढं केली.

५

शेवंती बाळंत झाली, मुलगा झाला. चौथ्या दिवशी पहाटे शालू खोकत उठली आणि तिनं पाणी मागितलं. विश्रामनं वाटी तोंडाला लावली. पाणी आत गेलं आणि तसंच नाकातोंडातून बाहेर आलं.

तसा दोन दिवस तिचा घसा दुखतच होता. हळद-मीठ, गरम मिठाचा शेक, सगळं झालं होतं. पण आता मानेची एक बाजू सुजून आली होती आणि श्वासाबरोबर आत काहीतरी खरखरत होतं. तिला पाण्याची वाटी दिसत होती, ती हात पुढं करत होती, आणि एक थेंब घशाखाली उतरत नव्हता. शेवंतीनं बाळाला खाली ठेवलं आणि ती खाटेवरून उठायला लागली.

"तू नको उटू. आज बाजार हाय," विश्राम म्हणाला. "दाक्तर आला असंल."

बाजाराच्या दिवशी कल्याणच्या दवाखान्याचा डॉक्टर टांग्यानं गोवेलीला यायचा. वडाखाली टेबल मांडायचा, आणि उन्हं डोक्यावर आली की टांगा जोडून परत जायचा. पुढल्या बाजारापर्यंत मग कुणी नाही. गोवेली एका मैलावर. धडधाकट माणसाला घटकाभर जास्तीत जास्त.

शेवंतीला मैलाबद्दल काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "जा बेगीन. मैलभर तं जायाचाय."

दगडू आपल्या गाडीसकट मुरूम आणायला वर गेला होता. सडकेवर दोन्हीकडं माणूस नव्हता, बाजारकरू पहाटेच पुढं गेले होते. विश्रामनं पोरीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. कनवटीला बावीस खडे होते. ते त्यानं कधी खोचले हे त्याला आठवत नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हातानंच खोचले असणार.

कुणी सोबत असलं की मैल नीट वागतो. शालू सोबत आहे. हे तो मनात घोकत निघाला.

६

उन्हं पाठीवर होती. सावली पुढं पडली होती, लांब, दोन डोक्यांची. करंज आला तेव्हा नऊ खडे पडले होते. विश्राम क्षणभर थांबला, आणि मग बुंध्याकडं न बघता पुढं झाला.

होले गप्प झाले.

एक खडा. दोन. तीन. चौथा खडा टाकला तेव्हा मोरीचा कठडा दिसायला हवा होता. समोर सडक सरळ गेली होती आणि दोन्ही कडांना खडीचे ढीग. पाचवा. सहावा. तो पळायला लागला, तसे ढीगही भरभर मागं जायला लागले, पण नवे येतच राहिले. आठवा. मोजायचं नाही असं त्यानं ठरवलं, तरी शंभर झाले की बोटं आपोआप कनवटीकडं जात. पायांनी शंभर भरले हे त्याला नको असतानाही कळत होतं. कधी नव्हे ते त्याला आपल्या मोजणीची किळस आली.

शालूचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता. आत ओढताना चिरका, बाहेर येताना घरघर. मग दोन श्वासांतलं अंतर वाढायला लागलं.

त्यानं खाली पाहिलं. सावली आखडून हातभर झाली होती. अजून थोडं चाललं आणि ती पायांखाली गेली. उन्हं डोक्यावर आली, टांगा जोडला गेला, वडाखालचं टेबल उचललं. तेरावा खडा पडला आणि कनवट रिकामी झाली. विश्राम सडकेच्या मधोमध उभा राहिला. आता पळण्यात अर्थ नव्हता. पोर खांद्यावर जाणार, आणि आपण असेच चालत राहणार, हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं.

फसक, फसक.

या वेळी आवाज मागं नव्हता. पुढं होता. दहाबारा पावलांवर एक बाई चालली होती, पाठमोरी. विश्रामला तिचे पाय तेवढे दिसले. चिंध्या गुंडाळलेले, धुळीनं पांढरे, आणि टाचेच्या चिंधीतून भेगा दिसत होत्या. त्याहून वर बघायचं त्याला धाडस झालं नाही, आणि पुढंही कधी कुणी विचारलं तर तो पायांपलीकडं काही सांगू शकला नाही.

घरी परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. पण परतीच्या वाटेवर डॉक्टर नव्हता. त्यानं तिला काय सांगितलं होतं ते त्याला शब्द न् शब्द आठवत होतं. आता तिनं हवं ते सांगावं. दहा मैल म्हणावं, शंभर म्हणावं. तसं सांगायचा तिला हक्क होता. पण थकलेला माणूस सडकेवर दुसरा माणूस दिसला की जे विचारतो, तेच विश्रामच्या सुकलेल्या तोंडातून आलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"बाई, गोवेली किती ऱ्हायली?"

पाय थांबले. विश्रामला वाटलं, आता ती वळणार. त्यानं शालूचं तोंड आपल्या मानेत दाबून धरलं.

ती वळली नाही. देशावरच्या सुरात, अगदी साध्या आवाजात, विहिरीवर कुणी कुणाला सांगावं तसं ती म्हणाली, "ही काय, आलीच की, दादा. चल."

आणि चालायला लागली. विश्राम मान खाली घालून, त्या टाचांवर नजर ठेवून मागं चालला. किती पावलं, ते त्याला माहीत नाही. जन्मात पहिल्यांदा तो न मोजता चालला. मोरी लागली नाही. फक्त कुठंतरी एक होला घुमला, मग दुसरा, आणि त्याचा गुडघा कशाला तरी थाडकन आपटला. त्यानं वर पाहिलं. चुन्यानं पांढरा केलेला दगड होता. त्यावर त्याच्याच हातचा ठळक काळा नऊ.

७

वडाखाली टेबल होतं. माणसांची रांग होती. टांग्याचा घोडा मोकळा, चारा खात उभा. विश्रामची सावली त्याच्यापुढं पडली होती, लांब, दोन डोक्यांची, करंजाशी होती तेवढीच.

रांगेतल्या लोकांनी पोरीचा आवाज ऐकून वाट दिली. डॉक्टरनं तिची जीभ चमच्यानं दाबली, आत पाहिलं, आणि विश्रामला म्हणाला, "घट्ट धर. डोकं अजिबात हलता कामा नये." घशात मोठं गळू झालं होतं. बारीक सुरी आत गेली, शालूचे पाय विश्रामच्या पोटावर दोनतीनदा आपटले, आणि मग तिला पालथं धरल्यावर पुष्कळ घाण बाहेर पडली. त्यामागून तिनं जो श्वास घेतला तो सगळ्या बाजाराला ऐकू गेला असेल. आणि लगेच ती रडायला लागली, मोठ्यानं, राग येऊन. विश्रामला ते रडणं इतकं गोड वाटलं की तो एखाद्या खुळ्यासारखा हसत उभा राहिला.

थोड्या वेळानं डॉक्टरनं पाणी मागवलं. शालूनं एक घोट घेतला. तिच्या गळ्यावरून तो खाली उतरताना विश्रामनं डोळ्यांनी पाहिला.

"कुठून आणलीस?" डॉक्टरनं हात धुता धुता विचारलं.

"दहाव्या दगडापासनं."

"जवळच आहे म्हणजे."

"हो," विश्राम म्हणाला. "जवलच हाय."

दुपार उतरल्यावर तो पोरीला घेऊन परत निघाला. मोरी आपल्या जागी होती. मोरीपासून करंजापर्यंत कडेला खडीचा एकही ढीग नव्हता, आणि होले एकसारखे घुमत होते. करंजाशी मात्र त्याला थांबावं लागलं. बुंध्याला टेकून माणूस बसेल तिथं, मातीवर, कुणीतरी खडे रचून ठेवले होते. एकावर एक, नीट. विश्रामनं ते मोजले, ती त्याची शेवटची मोजणी. तेरा होते. त्यानं त्यांना हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिथं त्यानं पाण्याचा माठ आणून ठेवला आणि रोज फेरीला जाताना तो भरायला लागला. फेरी त्यानंतर किती पावलांची भरली, हे कुणालाच माहीत नाही, कारण खडे त्यानं सोडले.

दगडूला त्यानं सगळं सांगितलं. दगडू म्हणाला, "तुज्यापरीस शानी निघाली ती." आणि मग उठून त्यानं आपल्या घरचा एक पेला आणून दिला, माठावर ठेवायला.

वैशाखात एक कुटुंब वरून सडकेनं आलं. नवरा, बायको, बायकोच्या कडेवर मूल, आणि डोक्यावर सामान. पाय ओढत दहाव्या दगडाशी आले. पुरुषानं विचारलं, "दादा, कल्याण किती ऱ्हायलं?"

विश्राम अंगणात दोर वळत होता. तो चटकन उठला, पुढं आला आणि दगडाला पाठ टेकून उभा राहिला, असा की आकडा पूर्ण झाकला जावा.

"ता काय, आलाच," तो म्हणाला. "म्होरं करंजाचा झाड हाय, तिथं गार पानी पिवा. मंग गोवेली. बाजारात कोनालाबी इचारा." आणि एवढं सांगून त्याचं समाधान झालं नाही, म्हणून करंजापर्यंत तो त्यांच्याबरोबर गेला. मूल त्यानं आपल्या खांद्यावर घेतलं होतं.

संध्याकाळी शेवंती चुलीपुढून ओरडली, "काय हो ही पाट तुमची? कवाच्यान् बघतेय, रोज चुना कुठं लावून घेता?"

विश्रामनं मागं हात नेऊन पाठ झटकली आणि जेवायला बसला.